नाशिक रोडहून ज्वालामुखी बेटावर

नाशिक रोड स्टेशनातून बाहेर पडलं की पहिली हाक येते ती शिर्डीची. "शिर्डी, शिर्डी, दोन सीट!" मग त्र्यंबक, मग शनिशिंगणापूर, मग वणीची देवी. ज्वालामुखी बघायला चला, असं कुणी ओरडत नाही. ओरडलं तर लोक हसतील. पण याच स्टेशनाबाहेरच्या एखाद्या बोलेरोत बसून दिवसभरात ज्वालामुखी बेट बघून रात्रीच्या जेवणाला घरी परतता येतं. मी हे दोन-तीनदा केलेलं आहे.

बेट हा शब्द मी उगाच ताणत नाही. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारत हे बेटच होतं. आफ्रिका केव्हाच मागे राहिली होती, मादागास्करही तुटून वेगळं झालं होतं आणि आशिया अजून पुष्कळ लांब होता. चारी बाजूंना समुद्र. आज जिथे नाशिक आहे ती जमीन तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती आणि हे अख्खं बेट वर्षाला पंधरा सेंटीमीटरहून अधिक वेगाने उत्तरेकडे निघालं होतं. भूखंडांच्या मानाने हा वेग सुसाटच म्हणायचा. आज तोच वेग पाच सेंटीमीटरच्या आसपास आला आहे, कारण समोर आशिया आडवा आला आणि त्या धडकेतून हिमालय उभा राहिला. या प्रवासात, धडकेच्या बरंच आधी, बेटाखालून आग वर आली. तिचा गोठलेला गाळ म्हणजे आपला बराचसा महाराष्ट्र.

ती आग कुठे गेली? ती आहे तिथेच आहे, आपण पुढे आलो. हिंदी महासागरात, नाशिकपासून सुमारे ५,००० किलोमीटरवर, रीयुनियन नावाचं फ्रान्सचं बेट आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ हा २,६३२ मीटर उंचीचा ज्वालामुखी जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक. पृथ्वीच्या पोटातून तप्त खडकाचा एक झोत त्या जागी वर येतो आणि त्यावरून समुद्रतळ सरकत जातो, असं मानलं जातं. मेणबत्तीवरून कागद हळूहळू ओढत न्यावा तशी डागांची रांग उठते. महाराष्ट्र, लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस आणि शेवटी रीयुनियन अशी ती रांग आहे. १९८७ मध्ये समुद्रतळात खोल छिद्रं घेऊन या रांगेतल्या खडकांची वयं मोजली गेली, तेव्हा उत्तरेकडून दक्षिणेकडे वय कमी होत गेलेलं दिसलं. सगळ्या भूशास्त्रज्ञांना ही गोष्ट जशीच्या तशी मान्य नाही. आयआयटी मुंबईचे हेतू शेठ यांनी या झोताच्या कल्पनेवर वर्षानुवर्षं आक्षेप घेतले आहेत. वाद कारणाबद्दल आहे. दगड लाव्हाचाच आहे याबद्दल कुणाचा वाद नाही.

रीयुनियनला जाणारे पर्यटक जीप घेतात, सोबत वाटाड्या घेतात आणि राखेच्या, लाल-काळ्या खडीच्या पठारावरून ज्वालामुखीच्या काठापर्यंत जातात. २००७ च्या एप्रिलमध्ये तिथे मोठा उद्रेक झाला. लाव्हाने किनाऱ्याचा रस्ता तोडला आणि माथ्यावरच्या विवराचा तळ तीनशे मीटरहून अधिक खचला. त्या उद्रेकात बाहेर पडलेला लाव्हा पाव घनकिलोमीटरच्या आसपास होता. दख्खनचा सगळा लाव्हा कमीत कमी दहा लाख घनकिलोमीटर धरतात. म्हणजे तसे चाळीस लाख उद्रेक एकावर एक रचले तर आपलं पठार होईल. ते पर्यटक जो बघायला जातात तो ज्वालामुखी या हिशेबात आपल्या अंगणातली चूल आहे.

आता गाडीत बसू. सकाळी सहाला निघालं तर बरं. शिंदे-पळसे मागे टाकून पुण्याच्या रस्त्याने मोहदरी घाट चढायला लागलो की कापलेल्या डोंगरात आडवे थर दिसू लागतात. इथे पहिल्यांदा गाडी थांबवावी. बरोबर येणाऱ्यांचा पहिला प्रश्न हमखास असतो, "ज्वालामुखीचं तोंड कुठे होतं?" आणि हौशी वाटाडे उत्तरही देतात. ब्रह्मगिरीच्या दिशेला बोट दाखवून "ते काय, तेच" म्हणणारा एक मी ऐकला आहे. लोणारच्या सरोवराला ज्वालामुखीचं तोंड म्हणणारे तर गावोगाव भेटतात, आणि ते तर आकाशातून पडलेल्या अशनीने पाडलेलं भगदाड आहे.

मुळात ज्वालामुखी हा शब्दच इथे अडचण करतो. मुख म्हटलं की तोंड आलं, शंकूच्या आकाराचा डोंगर आला. दख्खनमध्ये जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा पाझरला, वाहिला, पसरला. भेगांत जो लाव्हा शेवटी अडकून गोठला त्याच्या उभ्या भिंती झाल्या. आजूबाजूचा खडक झिजला आणि या भिंती कधी लांब सरळ धारेसारख्या डोंगररांगा होऊन उघड्या पडल्या. धुळे-नंदुरबार भागात अशा भिंती शेकड्याने आहेत, काही सत्तर किलोमीटरहून लांब. सिन्नरच्या पलीकडे संगमनेरच्या परिसरातही आहेत. एखाद्या माळावर उगाचच रेघ ओढल्यासारखी दगडांची धार दिसली तर समजावं, ही बुजलेली भेग आहे.

या सगळ्याला इंग्रजीत 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे, स्वीडिश भाषेतली पायरी. पायऱ्या का, हे घाटातच कळतं. लाव्हाचा एक थर वाहून आला की त्याचा मधला भाग सावकाश थंड होतो आणि घट्ट, भरीव होतो. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकतात, तो सच्छिद्र आणि ठिसूळ राहतो. भरीव भाग तुटतो तेव्हा उभा कडा होतो, ठिसूळ भाग झिजतो तेव्हा उतार होतो, मग पुढच्या थराचा कडा. कडा, उतार, कडा, उतार. आपल्या किल्ल्यांचा नकाशा यातूनच आला आहे. खालचा उतार म्हणजे पदर, मधली सपाटी म्हणजे माची, वर उरलेला शेवटचा थर म्हणजे बालेकिल्ला. किल्ला बांधणाऱ्याने तटबंदी घातली ती फक्त जिथे लाव्हाने घातली नव्हती तिथे.

दोन थरांच्या मध्ये बरेचदा विटकरी रंगाची पट्टी दिसते, कधी वीतभर, कधी कमरेइतकी. आपल्याकडे तिला गेरू म्हणतात. एक थर थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत मधे काळ गेला, वरचा दगड कुजला, माती झाली, आणि मग नव्या लाव्हाने ती भाजून काढली. म्हणून मी घाटात आधी गेरू शोधतो. काळा दगड आगीचं सांगतो, गेरू मधल्या शांततेचं. तेव्हा पाऊस पडत होता, काही उगवत होतं.

सिन्नरला दोन थांबे आहेत. गोंदेश्वराचं देऊळ यादवकाळातलं, त्याच काळ्या दगडातलं. कोरीव काम बघायला लोक जातात, मी पायथ्याच्या दगडांवरून हात फिरवतो. दुसरा थांबा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतलं गारगोटी संग्रहालय. लाव्हाचे बुडबुडे रिकामे राहिले नाहीत. गोठलेल्या खडकातून नंतर गरम पाणी झिरपत राहिलं आणि त्या पोकळ्यांच्या आत स्फटिक वाढले. स्टिल्बाइटचे गुलाबी पंखे, स्कोलेसाइटच्या पांढऱ्या सुया, अपोफिलाइटचे हिरवट, काचेसारखे ठोकळे. जगभरातल्या संग्रहालयांत नाशिक, जळगाव, पुणे ही नावं या दगडांच्या चिठ्ठ्यांवर असतात. आपल्याकडे मात्र ते खाणीत आणि विहिरीत सापडतात आणि बरेचसे खडी होऊन रस्त्यात जातात. यातल्या बऱ्याच खनिजांच्या कुळाला झिओलाइट म्हणतात. १७५६ मध्ये क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने असा दगड तापवला तेव्हा त्यातून पाणी उकळल्यासारखं बाहेर पडलं, म्हणून हे नाव: उकळणारा दगड. आज कपडे धुण्याच्या पावडरीत आणि तेलशुद्धीकरणात हेच कुळ, कारखान्यात बनवलेलं, काम करतं.

सिन्नरहून घोटीच्या रस्त्याला लागलं की डावीकडे पट्टा, औंढा ही रांग सुरू होते. पट्ट्यावर जालन्याच्या स्वारीनंतर शिवाजी महाराजांनी मुक्काम केला आणि त्याचं नाव विश्रामगड पडलं. इथून पुढे डांबर सोडून पायथ्याच्या गाडवाटांना लागायचं. ज्यांना ऑफ-रोडची हौस आहे त्यांची मजा इथे.

या वाटांवर गाडी चालवणारे चालक भूशास्त्र शिकलेले नसतात, पण रंगावरून जमीन वाचतात. पिवळसर, करड्या मुरमावर चाक धरतं. काळ्या मातीत पाऊस पडून गेला असेल तर उतरायचंच नाही. मुरूम आणि काळी माती दोन्ही एकाच दगडाची, लाव्हा गोठून झालेल्या बेसाल्टची, लेकरं. मुरूम म्हणजे अर्धवट कुजलेला बेसाल्ट, त्यात दगडाचे कण अजून खरखरीत आहेत. काळी माती म्हणजे पूर्ण कुजून झालेली चिकणमाती. तिच्यातले सूक्ष्म पापुद्रे पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आक्रसून भेगा पडतात. तोच गुण कपाशीला आणि हरभऱ्याला ओल पुरवतो आणि तोच गुण जीप गिळतो.

एकदा आमची गाडी दिवाळीनंतरच्या अवकाळी पावसात अशाच एका बांधाजवळ रुतली. चालक उतरला, चारी चाकांची थोडी हवा सोडली, आम्हाला दगड गोळा करायला पिटाळलं आणि म्हणाला, "काळा नको, भोकाभोकाचा आणा. काळा सटकतो." सच्छिद्र बेसाल्टला इकडे मांजऱ्या म्हणतात. बुडबुड्यांमुळे त्याचा पृष्ठभाग खरबरीत, चाकाला पकड देणारा. एका लाव्हाथराचा वरचा भाग आणि मधला भाग यांतला फरक मी पुस्तकात तीनदा वाचला होता. कळला त्या दिवशी.

पुढे बारी गाव, कळसूबाईचा पायथा. १,६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक. चढायला अर्धा दिवस लागतो, त्यामुळे एका दिवसाच्या सहलीत ते खालूनच बघावं. पण खालून बघण्यात वेगळा फायदा आहे. वाटेवरच्या लोखंडी शिड्या कुठे लागतात ते बघा. जिथे लाव्हाथराचा भरीव कडा आहे तिथे शिडी, जिथे ठिसूळ उतार आहे तिथे पायवाट. कळसूबाईवर जाणारी आजी शिड्या मोजते तेव्हा ती थर मोजत असते.

भूशास्त्रज्ञांनी दख्खनच्या पश्चिम भागातल्या थरांचे गट पाडले आणि त्यांना गावांची, डोंगरांची नावं दिली. सर्वांत खालच्या, म्हणजे सर्वांत जुन्या उपगटाचं नाव कळसूबाई. त्यातल्या दोन पायऱ्यांची नावं जव्हार आणि इगतपुरी. वरचे, नंतरचे थर लोणावळ्याच्या आणि वाईच्या नावाने ओळखले जातात. २०१९ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी या थरांची अगदी बारीक वयं काढली. त्यांचं आपसांत सगळं जुळलं नाही, पण मेक्सिकोतल्या चिक्शुलुबला अशनी आदळला आणि डायनोसॉर संपले ती वेळ दोघांच्याही हिशेबात कळसूबाई उपगटाच्या नंतर येते. म्हणजे नाशिक, घोटी, इगतपुरीच्या पायाखालचा दगड गोठला तेव्हा डायनोसॉर जिवंत होते. महाबळेश्वरचा माथा गोठला तेव्हा नव्हते. त्यांच्या मरणात दख्खनच्या लाव्हातून निघालेल्या वायूंचा वाटा किती आणि अशनीचा किती, यावर अजून भांडण चालू आहे.

दुपारी भंडारदरा. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं, दगडी बांधणीचं. त्याच्या जलाशयाला वळसा घालणारा रस्ता रतनवाडी, साम्रद, घाटघर असा जातो. हा सगळा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग, वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. गाव सोडून कुठेही चाकोरीबाहेर गाडी घालू नये. कातळसड्यांवरची माती बोटभर असते आणि तिच्यात जे उगवतं ते कधीकधी जगात दुसरीकडे उगवत नाही. त्र्यंबकच्या वाटेवरच्या अंजनेरीच्या पठारावर कंदीलपुष्पाची एक जात आहे, २००६ मध्ये शास्त्राला माहीत झालेली, अंजनेरीचंच नाव घेऊन. तिच्यावरून एकदा जीप गेली की ऑफ-रोड झालं खरं, पण कशावरून गेलो ते चालकालाही कळत नाही.

वाटाड्या घ्यायचा तो इथला घ्यावा. शहरातून आलेला वाटाडा रस्ता दाखवतो, साम्रदचा पोरगा सांदण दरीत पाणी किती आहे हे सांगतो, आणि तिथे जीव त्यावरच अवलंबून असतो. सांदण म्हणजे कातळात पडलेली अरुंद, खोल चीर. दोन्ही बाजूंना लाव्हाचे थर हाताला लागतील इतके जवळ, वर आभाळाची पट्टी. पावसाळ्यात तिथे उतरणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा. लोक पावसाळ्यातच गर्दी करतात, धबधब्यांसाठी. मला दगड बघायचा असतो, म्हणून मी फाल्गुनात जातो. गवत वाळलेलं, धुकं नाही, डोंगर उघडे. फोटो वाईट येतात. मेअखेरीस गेलात तर संध्याकाळी झाडांवर काजवे दिसतील, तेवढीच त्या दिवसांतल्या उन्हाची भरपाई.

घाटघरला जमीन संपते. समोर कोकण एकदम खाली. इथे उभं राहिल्यावर बेटाची कल्पना डोक्यातून डोळ्यात उतरते, कारण हा कडा एका जुन्या फाटाफुटीचा वारस आहे. दख्खनचा लाव्हा ओतला गेल्यानंतर थोड्याच काळात सेशेल्सचा तुकडा पश्चिमेला तुटून गेला, आपला किनारा घडला आणि कडा झिजत झिजत आत सरकला. पश्चिमेची कड उंच राहिली आणि जमीन पूर्वेला कलली, म्हणून ब्रह्मगिरीवर उगवलेली गोदावरी शंभरेक किलोमीटरवरच्या समुद्राकडे पाठ फिरवून राजमहेंद्रीपर्यंत चालत जाते. गंमत अशी की राजमहेंद्रीलाही दख्खनच्याच काळातला बेसाल्ट आहे, आणि काही शास्त्रज्ञांच्या मते तोही पश्चिमेकडूनच, जुन्या नद्यांच्या खोऱ्यांतून वाहत गेला. गोदावरीच्या आधी त्या वाटेने लाव्हा गेला होता. घाटघरला कड्याच्या वर-खालच्या उंचीतला फरक विजेसाठीही वापरतात. जादा वीज असते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी वर चढवायचं, गरज असते तेव्हा खाली सोडायचं. क्षमता २५० मेगावॉट.

कड्यावर बसून चहा पिताना मला नेहमी मॉरिशस आठवतं. १८३४ पासून गिरमिट करून हिंदुस्थानातून माणसं तिथल्या ऊसमळ्यांवर नेली गेली, त्यांत मराठीही होती, पुष्कळशी कोकणातली. आज तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि शाळांत मराठी शिकवतात. मॉरिशसही लाव्हाचंच बेट, आपल्या रांगेतलं शेवटून दुसरं. शामारेलला सात रंगांची माती बघायला पर्यटक तिकीट काढतात. ती कुजलेल्या बेसाल्टची माती आहे. आपला जांभा ज्या कुजण्यातून होतो, तिथले रंगही त्याच जातीच्या कुजण्याचे. रत्नागिरीहून निघालेला माणूस कातळ सोडून कातळावरच उतरला.

भारताकडे आज जळतं बेटही आहे, अंदमानातलं बॅरन. १९९१ पासून अधूनमधून धगधगतं. पण तिथे जीप नाही, रस्ता नाही, वस्तीही नाही.

एकदा परतताना घोटी, पांढुर्ली, भगूर असं आलो. वाटेत समृद्धी महामार्गासाठी कापलेले डोंगर दिसतात. ताज्या कापणीत थर इतके स्वच्छ की भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तिथेच वर्ग भरवावा. पण थांबलो ते पांढुर्लीच्या अलीकडे, एका विहिरीच्या कामावर. क्रेन चालू होती. काठावर उपसलेल्या दगडमातीचा ढीग होता आणि तो बघण्यासारखा होता. डोंगरात जुनं खाली असतं, इथे उलटं. आधी निघालेली काळी माती ढिगाच्या तळाशी, तिच्यावर मुरूम, मग मांजऱ्या, त्यावर काळ्या फत्तराचे ठोकळे. सगळ्यांत जुनं सगळ्यांत वर.

भरीव काळ्या पाषाणात पाणी नसतं. ते भेगांत असतं, मांजऱ्यात असतं, आणि दोन थरांच्या सांध्यात असतं. वरून झिरपलेलं पाणी गेरूपाशी अडतं आणि आडवं चालू लागतं. म्हणून शेजारशेजारच्या दोन विहिरींपैकी एक भरते आणि दुसरी कोरडी राहते, आणि त्यात कुणाच्या नशिबाचा दोष नसतो.

मालक काठावर बसले होते. पन्नास फूट झाले होते आणि आठ दिवस नुसता काळा लागत होता. खालून बादली वर आली, क्रेनवाल्याने ती ढिगावर पालथी केली. वर पडलेल्या चुऱ्याला तांबूस झाक होती. मालकांनी चिमूटभर उचलून दोन बोटांत चोळली आणि विहिरीत वाकून ओरडले, "आबा, गेरू लागला का रे?"

खालून आवाज आला, "ओलाय, मामा."